जुना ड्युअल कोर डेस्कटॉप अजून कामाचा आहे का? तपासायची रीत

"ड्युअल कोर आहे, चालेल ना?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. कुणी ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्यायला निघालेला असतो, कुणाला घरातला जुना संगणक भंगारात द्यावा की ठेवावा हे ठरवायचं असतं, तर कुणाच्या वाचनालयाला एखाद्या कंपनीने वापरलेले संगणक दान दिलेले असतात आणि त्यातले ठेवायचे कोणते हे त्याच्या गळ्यात पडलेलं असतं. ड्युअल कोर म्हणजे ज्याच्या आत काम करणारे दोन स्वतंत्र भाग, म्हणजे कोर, आहेत असा प्रोसेसर. पण नुसत्या "ड्युअल कोर" या दोन शब्दांवरून उत्तर देता येत नाही. २००५ चा पेंटियम डी दोन कोरचा आणि २०१७ चा पेंटियम जी-४५६० सुद्धा दोनच कोरचा, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खाली जी रीत दिली आहे तिला एक दुपार पुरते. पैसे लागत नाहीत, सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

हाताशी काय हवं

- एक पेनड्राइव्ह. त्यात सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं) आणि एचडब्ल्यू-इन्फो (तापमान-वेग दाखवणारं) यांच्या इन्स्टॉल न करता चालणाऱ्या आवृत्त्या, सेव्हन-झिप (फाइली दाबून लहान करणारं) आणि सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारं). सिनेबेंचच्या आर-१५ आणि आर-२३ या दोन्ही आवृत्त्या घ्या. २०२४ ची आवृत्ती एव्हीएक्स-२ सूचना (प्रोसेसरला समजणारे काही खास आदेश) मागते आणि जुन्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये त्या नसतात, त्यामुळे ती सुरूच होणार नाही.
- मोबाइलचं स्टॉपवॉच, वही आणि पेन.
- तुमच्या रोजच्या कामातल्या दोन-तीन खऱ्या फाइली: सर्वांत जड एक्सेल, मोठी पीडीएफ, छपाईचं डिझाइन, जे असेल ते.
- स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश आणि थर्मल पेस्टची ट्यूब. संगणक तुमचा स्वतःचा असेल तरच. दुकानदाराच्या मशीनला हात लावू नका.

१. आत नक्की कोणता प्रोसेसर आहे ते पाहा

कॅबिनेटवरचं स्टिकर वाचून थांबू नका. स्टिकर एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, असं सेकंडहँड बाजारात सर्रास आढळतं. सीपीयू-झेड उघडा. पहिल्याच पानावर प्रोसेसरचं नाव, सॉकेट (मदरबोर्डवरची त्याची खाच), कोर, थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) दिसते. ते सगळं वहीत उतरवून घ्या.

आपल्याकडच्या बाजारात इथे दोन घोळ होतात. "ड्युअल कोर" आणि "कोअर टू ड्युओ" हे दोन वेगळे प्रकार असल्यासारखं बोललं जातं. दोन्हींत कोर दोनच. इंटेलने पेंटियम ड्युअल-कोर नावाने स्वस्त मालिका काढली होती, तिच्यात कॅश कमी असे, म्हणून हा समज रुजला. दुसरा घोळ जास्त महागात पडतो. विक्रेता नुसतं "आय-थ्री आहे" म्हणतो आणि पिढी सांगत नाही. आय-३ हे नाव २०१० पासून चालत आलं आहे. आय-३-२१०० दुसऱ्या पिढीचा, आय-३-३२२० तिसऱ्या, आय-३-७१०० सातव्या पिढीचा. तिघांतही दोन कोर आणि चार थ्रेड, पण किंमत एकच सांगितली जात असेल तर कोणता घ्यायचा हे उघड आहे. चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळते.

आणि हो, "तीन गिगाहर्ट्झचे दोन कोर म्हणजे सहा गिगाहर्ट्झ" असं कुणी सांगू लागलं तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

२. गिगाहर्ट्झची तुलना एकाच घराण्यात करा

पेंटियम डी-८४० हा ३.२ गिगाहर्ट्झचा आणि १३० वॅटचा प्रोसेसर. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कोअर टू ड्युओ ई-६३०० आला. तो १.८६ गिगाहर्ट्झचा आणि ६५ वॅटचा, तरी बहुतेक कामांत त्याने डी-८४० ला मागे टाकलं. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं हे आतल्या रचनेवर ठरतं. ठोके किती पडतात हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला.

आज सेकंडहँड बाजारात हमखास भेटणारे तीन नमुने घ्या. कोअर टू ड्युओ ई-८४०० हा २००८ चा, ३ गिगाहर्ट्झ, दोन कोर, दोन थ्रेड. आय-३-३२२० हा २०१२ चा, ३.३ गिगाहर्ट्झ, दोन कोर, चार थ्रेड. जी-४५६० हा २०१७ चा, ३.५ गिगाहर्ट्झ, दोन कोर, चार थ्रेड. नुसत्या गिगाहर्ट्झवर पाहिलं तर पहिला आणि तिसरा यांच्यात सतरा टक्क्यांच्या आसपास फरक दिसतो. प्रत्यक्ष कामाला बसलात की तो कितीतरी जास्त जाणवतो.

३. दोष प्रोसेसरचाच आहे का ते आधी ठरवा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. संगणक रखडतो म्हणून प्रोसेसरला नावं ठेवतात, आणि रखडवत असते जुनी हार्ड डिस्क.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा. आता नेहमीचं काम करा. ब्राउझर उघडा, दहा-बारा टॅब लावा, एक्सेल उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली आहे आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर फिरतोय, असं दिसलं तर प्रोसेसर बिचारा वाट पाहत बसला आहे. एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा आणि मग पुढची तपासणी करा. मेमरी नव्वदच्या वर गेली असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबीवर आजचा ब्राउझर सुखाने चालत नाही, प्रोसेसर कितीही चांगला असो.

सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर रॅम एका चॅनेलवर आहे की दोन, तेही पाहून घ्या. ८ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की जोडून येणाऱ्या ग्राफिक्सला विशेष फायदा होतो, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं.

आता टक्केवारी वाचायची खुबी. दोन कोर, दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादं काम चालू असताना सीपीयू पन्नास टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर "अजून निम्मी ताकद शिल्लक आहे" असं समजू नका. तो प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालणारा आहे आणि त्याने आपला कोर पूर्ण वापरून संपवला आहे, असा त्याचा अर्थ. दुसरा कोर रिकामा असून त्याला काही उपयोग नाही. दोन कोर, चार थ्रेडच्या प्रोसेसरवर हीच अडकण्याची खूण पंचवीस टक्क्यांवर दिसते. गंमत म्हणजे आलेखात एकही कोर भरलेला दिसणार नाही, कारण विंडोज ते काम क्षणाक्षणाला या कोरवरून त्या कोरवर हलवत असतं आणि सगळे आलेख अर्धवट भरलेले दिसतात. एक्सेलमधले मॅक्रो हे याचं नेहमीचं उदाहरण. ते एकाच थ्रेडवर धावतात. असं काम तुमचं मुख्य काम असेल तर चार किंवा सहा कोरचा प्रोसेसर आणून फारसं काही साधणार नाही. तिथे एका कोरचा वेग वाढायला हवा.

४. मोजण्याआधी मैदान साफ करा

विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग संगणक रीस्टार्ट करून दहा मिनिटं नुसता ठेवा. सुरुवातीला अँटिव्हायरस आणि फाइलींची अनुक्रमणी (इंडेक्सिंग) मागे काम करत असतात. दोन कोरच्या मशीनवर त्यांनी एक कोर अडवला तर तुमचा निकाल निम्म्यावर येईल आणि तुम्ही चांगल्या प्रोसेसरला नापास कराल.

रिकाम्या बसलेल्या जी-४५६० चा वेग सीपीयू-झेडमध्ये ८०० मेगाहर्ट्झ दिसेल, आय-३-३२२० चा १.६ गिगाहर्ट्झ. घाबरू नका, वीज वाचवण्यासाठी तो स्वतःच हळू झालेला असतो. काम दिलं की पूर्ण वेगावर येतो. येत नसेल तर पॉवर प्लॅन तपासा.

खोलीचं तापमान वहीत लिहा. जानेवारीतल्या नाशिकचा निकाल आणि मे महिन्यातल्या नागपूरचा निकाल शेजारी ठेवून तुलना होत नाही.

५. एक कोर वेगळा, दोन कोर वेगळे मोजा

सिनेबेंचमध्ये दोन चाचण्या असतात: एका कोरची आणि सगळ्या कोरची. दोन्ही चालवा. अंदाजासाठी सांगतो, आर-१५ मध्ये जी-४५६० ला एका कोरवर दीडशेच्या आसपास आणि सगळ्यांवर पावणेचारशेच्या आसपास गुण मिळतात. दुसरा आकडा भागिले पहिला केलं की अडीच येतो. हा भागाकार मला गुणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन कोर, दोन थ्रेडवर तो दोनच्या किंचित खाली हवा. दोन कोर, चार थ्रेडवर अडीचच्या आगेमागे. ई-८४०० वर भागाकार दीडच आला, तर दुसरा कोर कुणीतरी वापरतोय किंवा गरम होऊन वेग पडतोय.

हायपर-थ्रेडिंगचा, म्हणजे एका कोरवर दोन थ्रेड चालवण्याचा, खरा लाभ किती, हे स्वतः पाहायचं असेल तर सेव्हन-झिप घ्या. टूल्स मेनूत बेंचमार्क (वेगाची चाचणी) असतो. थ्रेडची संख्या एक ठेवून आकडा लिहा, मग दोन, मग चार. डिक्शनरीचा आकार दर वेळी तोच ठेवा, नाहीतर निकाल जुळणार नाहीत. त्यानंतर थ्रेड पुन्हा दोन करा आणि टास्क मॅनेजरच्या डीटेल्सच्या पानावर सेव्हन-झिपच्या नावावर उजवं बटण दाबून सेट अफिनिटी निवडा. इंटेलच्या चार थ्रेडवाल्यांवर सीपीयू ० आणि १ हे एकाच कोरचे दोन थ्रेड असतात, तर ० आणि २ हे दोन वेगळे कोर. आधी ०-१ वर चालवा, मग ०-२ वर. पहिल्या जोडीवर एका थ्रेडच्या सव्वा ते दीडपट काम होतं, दुसऱ्या जोडीवर पावणेदोन ते दोन पटीच्या मध्ये. टास्क मॅनेजरमध्ये चार आलेख दिसतात म्हणून "चार कोर" म्हणून विकणाऱ्याला हे आकडे दाखवा.

सेव्हन-झिप दोन गुण वेगवेगळे देतं. फाइल दाबण्याचा गुण कॅश आणि रॅमच्या चपळाईवर बराच अवलंबून असतो, उलगडण्याचा गुण प्रोसेसरच्या आकडेमोडीवर. पहिला कमी आणि दुसरा ठीक असेल तर पुन्हा रॅमच्या पट्ट्यांकडे पाहा.

इथे एक सापळा आहे. आपले आकडे लोक इंटरनेटवरच्या जुन्या परीक्षणांशी ताडून पाहतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांतल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या आणि त्यावरच्या उपायांनी जुन्या प्रोसेसरांचा वेग काही कामांत थोडा खाली आला. २०१७ च्या परीक्षणातला आकडा तुमच्या मशीनवर तंतोतंत आला नाही तर मशीन बिघडलं असं नाही.

६. तापवून पाहा

पहिल्या मिनिटाचा वेग कुणीही दाखवेल, वीस मिनिटांनंतर काय होतं ते पाहायचं. एचडब्ल्यू-इन्फो फक्त सेन्सर दाखवण्याच्या पद्धतीत सुरू करा आणि सिनेबेंच आर-२३ ची सगळ्या कोरची चाचणी लावा. ती मुळातच किमान दहा मिनिटं फिरत राहते. दोनदा लावली की झालं.

वर नाव घेतलेल्या प्रोसेसरांत टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढवण्याची सोय) नसतो, आणि तपासणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. जी-४५६० कामात असताना ३.५ गिगाहर्ट्झवरच राहिला पाहिजे. मधेच ३.१ किंवा २.८ दिसला, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत "येस" आलं, की समजायचं: तो शंभर अंशांच्या आसपास जाऊन स्वतःला वाचवतोय. ५४ वॅटच्या प्रोसेसरने कंपनीच्या साध्या पंख्यावरही एवढं तापायचं काहीच कारण नसतं.

कारणं बहुधा तीनच. पंख्याखालच्या पत्र्यांत धुळीची गादी बसलेली असते, थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असते, किंवा इंटेलच्या पंख्याची चारपैकी एक प्लास्टिकची खिट्टी नीट बसलेली नसते. तिसरं कारण लोक शोधतच नाहीत. पंखा हलक्या हाताने हलवून पाहा, एक कोपरा डुगडुगला की चोर सापडला. साफसफाई करून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. त्याआधीचे सगळे आकडे वहीत खोडून टाका, ते प्रोसेसरचे नव्हेत, धुळीचे होते.

७. खरं काम, आणि सोबत दुसरं काम

आता बेंचमार्क बंद करा आणि आपल्या फाइली काढा. जड एक्सेल उघडायला किती सेकंद, मॅक्रो संपायला किती, डिझाइनची पीडीएफ व्हायला किती. प्रत्येक काम तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते म्हणून ती नेहमी जास्त वेळ घेते.

त्यानंतर दोन कोरवाल्यांची खरी कसोटी: मागे सेव्हन-झिपला एखादं मोठं फोल्डर दाबायला लावा आणि पुढे हीच कामं पुन्हा करा. व्यवहारात तुमचा संगणक कधीच एकटं काम करत नसतो. अँटिव्हायरस स्कॅन करतोय, अपडेट उतरतोय, क्लासचा व्हिडिओ कॉल चालू आहे आणि तुम्ही सातबाराची पीडीएफ उघडताय, हे रोजचं चित्र. चार कोरच्या मशीनवर अशा वेळी फारसं जाणवत नाही, दोन कोर, दोन थ्रेडवर माउसचा बाणही अडखळतो. एकटं काम दहा सेकंदांत आणि सोबतीने तेरा-चौदा सेकंदांत होत असेल तर मी पास म्हणेन. दुपटीच्या पुढे गेलं तर ते मशीन एका वेळी एकच काम करणाऱ्यासाठी ठेवा.

व्हिडिओची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. यूट्यूबवर १०८०पी चा व्हिडिओ लावा, त्यावर उजवं बटण दाबून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. तिथे कोडेकचं (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचं) नाव आणि गळलेल्या चित्रांची संख्या दिसते. व्हीपी०९ लिहिलेलं असेल तर जी-४५६० ते ग्राफिक्सच्या भागात उलगडतो आणि कोर मोकळे राहतात. आय-३-३२२० ला ती सोय नाही. त्याचे दोन्ही कोर चित्र उलगडण्यातच दमतात. एव्ही०१ दिसलं तर दोघांचीही पंचाईत. एच-२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडलं की यूट्यूब जुन्या एच-२६४ कोडेकमध्ये व्हिडिओ पाठवतं. त्यात १०८०पी च्या वर जाता येत नाही, पण आय-३-३२२० च्या ग्राफिक्सला ते सहज झेपतं. प्रोसेसर न बदलता एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

दुकानात पंधराच मिनिटं मिळाली तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानदार तुम्हाला दुपारभर बसू देणार नाही. तेव्हा इतकंच करा: सीपीयू-झेडमधून नाव आणि रॅमचे चॅनेल, टास्क मॅनेजरमधून डिस्क एसएसडी आहे का, मग एचडब्ल्यू-इन्फो लावून सिनेबेंच आर-२३ दहा मिनिटं. वेग स्थिर राहिला आणि थ्रॉटलिंगला "नो" असेल तर पुढची बोलणी करा. पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, तिथे हेच मशीन मिळेल.

८. ठेवायचा, वाढवायचा की सोडायचा

निकाल चांगला आला तरी एक गोष्ट आकड्यांत येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. दोन कोरचा पेंटियम गोल्ड जी-५४०० त्यात बसतो, जी-४५६० आणि आय-३-७१०० बसत नाहीत. कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४-एच-२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरांत नाही. यादीत न बसणाऱ्या मशीनवर बँकेची कामं करायची असतील तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. वाचनालयात नुसतं ब्राउझर आणि मराठी टंकलेखन हवं असेल तर आय-३-३२२० ला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि मिंट, एवढ्यात भागतं. ई-८४०० मी आता कुणाला विकत घ्यायला सांगत नाही, फुकट मिळाला तरच.

प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर सॉकेट पाहा. आय-३-३२२० च्या जागी ११५५ सॉकेटचा चार कोरचा आय-५-३४७० बसतो, जी-४५६० च्या जागी आय-५-६५०० किंवा ७५००. सेकंडहँडमध्ये हे स्वस्तात मिळतात आणि सातव्या पायरीतली अडखळण पुष्कळ कमी होते. मात्र आठव्या पिढीच्या आय-५ च्या सॉकेटवरही ११५१ च लिहिलेलं असतं आणि तो खाचेत बसतोही, पण १०० आणि २०० मालिकेच्या मदरबोर्डांवर तो चालत नाही. विकत घेण्याआधी मदरबोर्डचं नाव सीपीयू-झेडच्या मेनबोर्डच्या पानावरून उतरवून घ्या आणि त्या कंपनीच्या साइटवरची प्रोसेसरांची यादी व बायोसची (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती जुळवून पाहा. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लाय आणि पंखाही त्याच कंपनीच्या वेगळ्या मापाचे असतात, तेही उघडून बघून घ्या.